जेल, फवारा, खडू आणि भाभींची बरणी

निकाल आधीच सांगते, कारण ज्याच्या ओट्याखाली आत्ता झुरळं फिरताहेत त्याला कहाणी ऐकायची नसते. जेल, म्हणजे सिरिंजमधून थेंबाथेंबानं लावायचं झुरळांचं विषारी खाद्य, लावा. स्वतः लावलंत तरी चालेल, पण थोडं-थोडं आणि नेमक्या जागी. जेल लावलेल्या घरात फवारा मारू नका. तुमच्या स्वयंपाकघरामागच्या डक्टला, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीला, आणखी ज्यांची स्वयंपाकघरं लागून आहेत त्यांच्याशी आधी बोला, नाहीतर पैसे पाण्यात. आणि कंपनी बोलवायचीच असेल तर पाठीला पंप बांधून येणारा नको, टॉर्च घेऊन येणारा माणूस हवा. एवढं पुरत असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मला एवढी उठाठेव का, ते सांगते. मी इंदूरला लोकमान्य नगराजवळ एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते आणि घरून डबे देते. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः भंवरकुआंला कोचिंगसाठी आलेली मुलं. पोळ्या, भाजी, वरण-भात, शनिवारी साबुदाण्याची खिचडी. या धंद्यात भाजीत मीठ जास्त पडलं तर मुलं कुरकुरतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. डब्यात झुरळाची मिशी जरी निघाली तरी फोटो होस्टेलच्या ग्रुपवर जातो आणि धंदा बसतो. माझ्यावर ती वेळ आलेली नाही. येऊ नये म्हणूनच हे सगळं केलं.

कुठल्याही औषधाबद्दल नुसतं ‘खूप फरक पडला’ म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. झुरळं दिसेनाशी झाली म्हणजे मेलीच असं नाही. फवाऱ्याच्या त्रासानं ती शेजारी जाऊन बसलेली असतात. माझा भाचा इथल्या कृषी महाविद्यालयात शिकतो. तो म्हणाला, “मावशी, मोजल्याशिवाय औषध बदलू नकोस,” आणि चिकट सापळे घेऊन आला. पुठ्ठ्याची घडी, आत चिकट थर, बस. भिंत आणि फरशी मिळतात त्या कडेला ते ठेवायचे, कारण झुरळ मोकळ्यातून जात नाही, कडेला अंग घासत जातं. एक सापळा सिंकखाली, एक फ्रिजमागे, एक गॅसच्या ओट्याखाली, एक धान्याच्या कपाटात. रात्री ठेवायचे, सकाळी मोजायचे आणि आकडा त्याच पुठ्ठ्यावर पेननं लिहायचा. औषधानंतर त्याच जागी नवे सापळे. सापळ्यांनी झुरळं संपत नाहीत, पण औषधवाल्याची थाप तिथं उघडी पडते.

पहिल्याच मोजणीत फ्रिजमागचा सापळा भरून गेला होता आणि सिंकखालचाही बऱ्यापैकी. धान्याच्या कपाटात जवळजवळ काहीच नव्हतं. सगळ्यांचा संशय धान्यावर असतो, पण झुरळाला ऊब आणि पाणी लागतं. फ्रिजच्या कॉम्प्रेसरपाशी दोन्ही मिळतं. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून घरात बादल्या, टाक्या, माठ भरलेले, आणि माठाखालची फरशी कायम ओली. पाणी मिळत असेल तर हा किडा अन्नाशिवाय महिनाभर तगतो. पाणी तोडलं तर साधारण दोन आठवड्यांत आटोपतो. त्यामुळे माठाखाली पसरट ताट आलं आणि ओलं फडकं रात्री बाल्कनीत जाऊ लागलं. औषधाच्या आधीचं औषध हेच, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

सापळ्यात अडकलेली सगळी एकाच जातीची होती. सव्वा-दीड सेंटिमीटर लांब, फिकट तपकिरी, डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा. हे जर्मन झुरळ. लिनियसनं १७६७ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं आणि जर्मनी त्याला कायमची चिकटली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मात्र त्याचं मूळ आपल्या बाजूला निघालं. साधारण २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात ते आशियाई झुरळापासून वेगळं झालं. भाच्यानं हे सांगितल्यावर आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “म्हणजे ते घरमालक आणि आपण भाडेकरू.”

या जातीची मादी ३०-४० अंड्यांची पिशवी पिल्लं निघायची वेळ येईपर्यंत स्वतःच्या पोटाशी धरून हिंडते. पिशवीच्या कवचातून औषध सहसा आत पोचत नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू उबदार घरात साधारण दोन महिन्यांत वयात येतं. एवढं लक्षात ठेवलं की ‘एकच विझिट, सहा महिने गॅरंटी’ या जाहिरातीचं काय करायचं ते आपोआप कळतं.

आता एकेक औषध घेते. डब्यातला स्प्रे सगळ्यांच्या घरी असतो, आमच्याही होता. त्याच्यावर इमिप्रोथ्रिन आणि सायपरमेथ्रिन अशी दोन नावं होती. दोन्ही पायरेथ्रॉइड नावाच्या कीटकनाशकांच्या गटातली. अंगावर नेम धरून मारला की झुरळ उलटं पडतं, यात खोटं नाही. पण जे दिसतं तेवढंच मरतं, आणि दिसणारं झुरळ म्हणजे फटीतल्या गर्दीतून बाहेर पडलेलं एखादंच. सापळ्यांतल्या आकड्यांवर स्प्रेचा काही परिणाम दिसला नाही. पायरेथ्रॉइडची सवय झालेली जर्मन झुरळं जगभर आहेत, आमची तरी वेगळी कशाला असतील? शिवाय आमच्या यांना दमा आहे. झुरळांच्या विष्ठेनं आणि सांगाड्याच्या भुग्यानं दमा चाळवतो, आणि त्यावर मारलेल्या स्प्रेनंही. समोर आलेल्या एका झुरळासाठी पाचपैकी दोन गुण. पण त्या कामाला चप्पल फुकट आहे.

खडूबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रेघ ओढली, दुसऱ्या दिवशी बाईनं ओटा पुसला, रेघ गेली. पुसली नाही तर तिची भुकटी उडते, आणि ओट्याच्या कडेला मी कणीक मळते. खडूवरही पायरेथ्रॉइडच असतं. मैदानात विकणाऱ्यांकडचे बिननावाचे खडू तर हातातही धरू नका.

बोरिक पावडरीला मात्र मी मानते. कॅरमवर टाकतात तीच. पीठ, पिठीसाखर आणि बोरिकच्या गोळ्या आमच्या आईच्या वेळेपासून चालत आल्या आहेत आणि त्या काम करतात, फक्त हळू. गोळ्यांपेक्षा कोरड्या पावडरीचा अगदी पातळ थर जास्त चालतो. झुरळ त्यावरून जातं, मग मिशा आणि पाय तोंडानं साफ करतं आणि पावडर पोटात जाते. ढीग टाकला तर ते वळसा घालून जातं. ओलीत पडली तर पावडरीचा गठ्ठा होतो. हिच्याबद्दल माझी एकच हरकत आहे, पण ती माझ्यापुरती मोठी आहे. ज्या घरात रोज परातभर पोळ्या लाटल्या जातात तिथं पिठासारखं दिसणारं विष ठेवायचं नाही. मी ती फक्त कपड्यांच्या कपाटामागे आणि मीटरच्या पेटीमागे टाकली. तुमच्या घरी स्वयंपाकाचा एवढा पसारा नसेल आणि रांगणारं मूल नसेल, तर पाचपैकी तीन, कदाचित साडेतीन.

मग पहिली कंपनी. नाव लिहीत नाही. फोनवरच्या बाईंनी सांगितलं, “मैडम, हमारा हर्बल है, बिना गंध का, बर्तन भी नहीं हटाने पड़ेंगे.” माणूस आला, पाठीवर पंप. मी विचारलं, औषध कोणतं? तो म्हणाला, हर्बल. बाटली दाखवा म्हटलं, तर बाटली ऑफिसात, पंप तिथूनच भरून आणतात. त्यानं ओट्याखाली, दारांच्या कडांना आणि बाथरूममध्ये सर्रसर्र फवारलं. चहा थंड व्हायच्या आत काम उरकलं. ड्रॉवर एकही उघडला नाही, फ्रिज हलवला नाही. दुसऱ्या दिवशी सापळे खरोखरच रिकामे होते आणि मला वाटलं, जमलं. पंधरवड्यानं तेच सापळे त्याच जागी ठेवले तर आकडा जवळपास पूर्वीचाच. फोन केला तर उत्तर आलं, “मैडम, तीन सर्विस में असर दिखता है.” तीन कशाला, मला त्या पंपात काय होतं तेवढंच कळलं असतं तरी पुरलं असतं.

यावरून लेबलचा मुद्दा निघालाच आहे तर सांगून टाकते. आपल्याकडे कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आणि नियम १९७१ चे. नोंदणी फरीदाबादच्या केंद्रीय मंडळाकडे होते. घरोघरी औषध मारण्याचा व्यवसाय करायला लायसन लागतं. डब्यावर घटकाचं नाव, टक्केवारी आणि रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. घरात येणाऱ्या माणसाकडे एवढं मागण्यात उद्धटपणा नाही. पूर्वी काही जण ज्याच्या वासानं डोळे चुरचुरत ते डायक्लोरव्हॉस आणायचे. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. तसा झोंबरा वास आला तर माणसाला दाराबाहेर काढा आणि खिडक्या उघडा.

भाच्याच्या एका मित्रानं ऑनलाइन मिळणारा धुराचा बॉम्ब सुचवला होता. खोलीच्या मधोमध ठेवायचा, कळ दाबायची, बाहेर निघून जायचं. मी घेतलाच नाही, कारण भाच्यानं त्यावरचा २०१९ चा अभ्यास वाचून दाखवला. अमेरिकेतल्या रॅली शहरात संशोधकांनी पाच अपार्टमेंट संकुलांतली ३० घरं घेतली आणि त्यांतल्या काहींमध्ये चार प्रकारचे बॉम्ब तपासले. झुरळं कमी झाली नाहीत. औषधाचा थर मात्र स्वयंपाकघराच्या ओट्यांवर आणि फरशीवर भरपूर बसला. त्याच अभ्यासात ज्या घरांना जेल लावलं तिथली झुरळं झपाट्यानं कमी झाली. कारण सरळ आहे. धूर वरून खाली बसतो आणि झुरळ ओट्याच्या पोटात, बिजागरीत, मिक्सरच्या बुडाशी. पोळपाटावर विष आणि फटीत झुरळं सुखरूप, असा तो प्रकार.

तर जेल. सियागंजातल्या एका दुकानात दोन तऱ्हा मिळाल्या. एकात फिप्रोनिल ०.०५ टक्के, दुसऱ्यात इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के. बाहेर इंडोक्साकार्बचंही मिळतं. ते मुळात कमी जहाल असतं, झुरळाच्या शरीरातल्या रसांनी त्याचं खरं विष बनतं. किंमत म्हणाल तर एक सिरिंज एका मुलाच्या आठवड्याच्या डब्याच्या पैशांत येते, आणि एका घराला पुरून उरते. मी फिप्रोनिलपासून सुरुवात केली.

जेल ही मलमासारखी लावायची गोष्ट नाही. मुगाच्या दाण्याएवढे थेंब, खूप ठिकाणी. दर चौरस मीटरला किती थेंब ते लेबलवर लिहिलेलं असतं. कपाटाच्या बिजागरीत, ड्रॉवरच्या खाचेच्या मागच्या टोकाला, सिंकच्या पाइपाच्या बेचक्यात, फ्रिजच्या मागच्या जाळीखाली, मिक्सरच्या बुडाला जिथं रबरी पाय असतात तिथं, आणि आरओच्या पेटीमागे. आरओची पेटी विसरू नका. गरम, ओली, अंधारी, आणि ती उघडून कुणी पुसत नाही. ती भिंतीवरून उतरवली तेव्हा मागे जे दिसलं त्याचं वर्णन मी जेवणाचे डबे विकत असल्यामुळे करणार नाही.

जिथं अन्न टेकतं तिथं जेल नको, हे सांगायला लागू नये. तरी सांगते. २०१७ मध्ये युरोपात लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली होती. कोंबड्यांच्या अंगावरचे किडे मारायला खुराड्यांत बेकायदा वापरलेलं फिप्रोनिल अंड्यांत उतरलं होतं. सिरिंजमधलं द्रव्य तेच आहे. थेंब आतल्या फटीत घाला, पोळीच्या डब्याच्या आसपासही नको.

जेल खाल्लेलं झुरळ जागच्या जागी मरत नाही. ते परत फटीत जातं, तिथं हगतं आणि तिथंच मरतं. फटीतून बाहेर न पडणारी बारकी पिल्लं त्याची विष्ठा खातात, मोठी झुरळं मेलेल्याला खातात, आणि विष पुढे जातं. स्प्रेला जे कधी जमत नाही ते इथं झुरळंच करून देतात. म्हणूनच जेलवर फवारा मारायचा नाही. फवाऱ्याला बिचकून झुरळ त्या थेंबाकडे फिरकत नाही आणि सिरिंज वाया जाते. फिनाइलनं बिजागरी पुसायचा उत्साहही थोडे दिवस आवरा. आमच्या बाईला हे पटवायला मला औषधापेक्षा जास्त मेहनत पडली.

जेल लावल्यानंतरची सकाळ बघवत नाही. भर उजेडात झुरळं लडखडत बाहेर येतात आणि ओट्यावर पाठीवर पडून पाय हलवत राहतात. त्या दिवशी डब्याची सुट्टी घेणं बरं, मी रविवार धरला होता. आठवड्यानं सापळे ठेवले तेव्हा जो फ्रिजमागचा सापळा भरून जायचा त्यात बोटांवर मोजण्याइतकी होती. गॅसजवळचे थेंब मात्र मे महिन्याच्या उन्हानं आणि आचेनं सुकून टणक झाले होते. ते खरवडून नवे घातले.

सिंकखालचा सापळा मात्र हट्टानं काही ना काही दाखवत राहिला, आणि सगळी बारकी पिल्लं. तिथून डक्टमध्ये पाइप जातो. मग दुसरी कंपनी बोलावली. यांचंही नाव नको, कारण कंपनीपेक्षा आलेला मुलगा हुशार होता आणि उद्या तो दुसरीकडे जाईल. त्यानं आल्या आल्या ड्रॉवर काढून बाहेर ठेवले, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन ओट्याखाली झोपला आणि खालूनच म्हणाला, “आंटी, आपके यहाँ तो कम हैं. ये डक्ट से आ रहे हैं. ऊपर-नीचे भी करवाओ, नहीं तो मैं हर महीने आता रहूँगा और आप पैसे देती रहेंगी.” आपलं गिऱ्हाईक कमी करणारी गोष्ट सांगणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. त्याच्या सर्व्हिसला पाचपैकी पाच, आणि वर पोहे खिलवले ते वेगळे.

आमच्या लायनीत चार स्वयंपाकघरं एकावर एक आहेत. चौथ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले काका-काकू. तिसऱ्यावर कोचिंगची चार मुलं भाड्यानं राहतात, त्यांना माझाच डबा. दुसऱ्यावर आम्ही. पहिल्यावर जैन कुटुंब, आमच्या भाभी. सगळ्यांकडे जाऊन मी सापळ्यांची परवानगी मागितली, आणि खरी गंमत तिथं सुरू झाली.

काका दर महिन्याला पंपवाला बोलवायचे. वास आला म्हणजे काम झालं, असा त्यांचा हिशेब. त्यांच्याकडे फवाऱ्याच्या आधी, लगेच नंतर आणि पंधरवड्यानं सापळे ठेवले. आकडे माझ्या पहिल्या कंपनीसारखेच निघाले, खाली जाऊन परत वर. मधल्या दिवसांत माझ्या सिंकखालचा आकडा वाढलेला होता. काका बँकेतले, पुठ्ठ्यांवरचे आकडे ओळीनं लावून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “वहिनी, म्हणजे आम्ही पैसे देऊन तुमच्याकडे पाहुणे पाठवत होतो.” पुढच्या महिन्याचा पंपवाला त्यांनी रद्द केला. काकूंना मात्र वास न येणाऱ्या औषधावर अजून भरवसा नाही.

मुलांच्या खोलीतला सापळा एका रात्रीत असा भरला की भाच्यानं तो कॉलेजात दाखवायला नेला. सिंकमध्ये माझेच डबे, दोन-दोन दिवसांचे, न धुतलेले. मी शिजवलेल्या वरणावर माझ्याच घरात येणारी झुरळं वाढत होती. आणि एवढ्यावर भागत नव्हतं. जर्मन झुरळ पिशव्या, खोकी, यंत्रं यांच्याबरोबर घरोघरी फिरतं, आणि माझ्याकडे तर रोज कुठल्या कुठल्या खोल्यांतून रिकाम्या डब्यांच्या पिशव्या परत येतात. आता त्या पिशव्या स्वयंपाकघरात येतच नाहीत. बाल्कनीत उलट्या करून झटकायच्या, डबे तिथंच उकळत्या पाण्यात. मुलांच्या घरी जेल मी माझ्या पैशानं लावलं. त्यांनी “आंटी, लगा दो” म्हणून दार उघडलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेली. डबा धुऊन न देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गोड मिळणार नाही, असा नियम केला. जेलइतकाच तो चालला.

भाभींकडे जायला मला संकोच वाटत होता. त्या किडामुंगी मारत नाहीत, घरात औषध येऊ देत नाहीत, आणि चिकट सापळा म्हणजे जिवाला तडफडवणं. त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे, मी वाद घातला नाही. मोजायचं कसं, एवढाच प्रश्न होता. भाच्यानं उपाय काढला. काचेची रुंद तोंडाची बरणी घ्यायची, आतून गळ्याशी व्हॅसलीनचा पातळ पट्टा फिरवायचा, बाहेरून कागद चिकटवायचा म्हणजे झुरळाला चढता येतं, आणि आत ब्रेडचा तुकडा. झुरळ आत पडतं, निसरड्यामुळे वर येत नाही आणि जिवंत राहतं. प्रयोगशाळेत जिवंत झुरळं धरायची हीच पद्धत. भाभी राजी झाल्या. सकाळी बरणी घेऊन त्या खाली उतरायच्या. कुठं सोडायच्या ते मी विचारलं नाही.

आणि त्यांच्या बरणीत आमच्या चौघांतली सगळ्यात कमी झुरळं निघाली. औषधाचा एक थेंब न लावता. त्यांच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवण होतं आणि स्वयंपाकघर बंद होतं. ओटा कोरडा, भांडी घासून पालथी, उष्टं नाही. झुरळं रात्री हिंडतात, आणि रात्री त्यांना तिथं खायला-प्यायला काहीच मिळत नाही. भाभींनी डक्टकडे जाणाऱ्या पाइपांभोवतीच्या भोकांत स्टीलच्या घासणीचा चोथा कोंबून वरून पांढरं सिमेंट भरून घेतलं. “मारेंगे नहीं, पर आने भी क्यों दें?” हे त्यांचं म्हणणं मला एवढं पटलं की आठवड्याभरात त्याच गवंड्याला चारही मजल्यांवर फिरवला. सिंकखालचा माझा सापळा त्यानंतर शांत झाला. जेलमुळे किती आणि सिमेंटमुळे किती, हे वेगळं काढता येणार नाही. दोन्ही एकाच महिन्यात झालं.

एकच जेल जन्मभर चालेल असं मात्र समजू नका. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं इंडियाना आणि इलिनॉयमधल्या इमारतींत सहा महिने औषधं तपासून २०१९ मध्ये निकाल छापले. संशोधकांत अमेय गोंधळेकर हे नाव बघून भाच्याला उगाच घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. दर महिन्याला औषधाचा गट बदलला तर संख्या जेमतेम थोपून राहिली. दोन औषधं मिसळून मारली तर झुरळं वाढलीच. एकच जेल होतं आणि झुरळांना त्याची सवय मुळात नव्हती, तिथं ती जवळपास संपली. जिथं थोड्यांना आधीच सवय होती तिथं वाढली. एका पिढीत प्रतिकार चार ते सहा पटींनी वाढलेला दिसला. म्हणजे माझ्या बाबतीत फिप्रोनिल लागू पडलं म्हणून तुमच्याकडे पडेलच असं नाही. त्यासाठीच सापळे. याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे काही झुरळांना ग्लुकोज कडू लागतं. गोड जेलनं त्यांच्या पिढ्या मारता मारता गोड न खाणारीच उरली. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांच्या जिभेचा, म्हणजे चवीच्या नसांचा, अभ्यास आला आहे. तुमचे थेंब ताजे असूनही जसेच्या तसे राहिले आणि सापळे भरत राहिले, तर जास्त जेल घालू नका. दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या घटकाचं आणा. मी पावसाळ्याआधी इमिडाक्लोप्रिडवर जाणार आहे.

बाथरूममधली मोठी, चार सेंटिमीटरची, लालसर झुरळं हा वेगळा मामला आहे. ती गटारातून येतात आणि त्यांच्यासाठी घरभर जेल लावण्यात अर्थ नाही. मोरीच्या जाळीखाली पाण्याचा अडसर असलेली नवी जाळी बसवली, न वापरातल्या मोरीत रोज तांब्याभर पाणी ओतते, म्हणजे अडसर सुकत नाही. पहिल्या जोराच्या पावसात दोन-चार तरी येतातच, त्यांना चप्पल.

रिकामी सिरिंज आणि जुने सापळे ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. आपल्या कचरागाडीला घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे. गाडीवाल्या भैयाला हातात देऊन सांगा, तो नीट ठेवतो.